नारळाची उधारी

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी नागपूरच्या टेकडीच्या गणपतीला गेले होते. गर्दी नेहमीसारखीच. दर्शन घेऊन खाली आले तर हार-दूर्वांच्या दुकानातल्या मावशींनी हाक मारली. "ताई, तुम्ही बाबूजींची मुलगी न? बाबूजी काऊन नाही येऊन राहिले?" मी सांगितलं, श्रावणात गेले. मावशींनी हातातला अर्धा ओवलेला हार मांडीवर ठेवला. "अरे बापा," एवढंच म्हणाल्या. जरा वेळानं, दुसरीकडे बघत, "एक सांगू का? राग नका मानू. त्यांच्यावर माझा एक नारळ निघते." मला वाटलं उधारी असेल, म्हणून पर्स उघडली. तर मावशी म्हणाल्या, उधारी नाही, शर्त होती. मृग लागला की चार दिवसांत पाऊस येणार म्हणजे येणार, असं बाबा म्हणाले होते. मावशी म्हणाल्या, नाही येत. मृग कोरडा गेला. बाबा हरले, आणि "पुढच्या मंगळवारी देतो" म्हणत आषाढ ढकलला. मी त्यांच्याच दुकानातला नारळ विकत घेतला आणि त्यांनाच दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि परत ढिगावर ठेवून दिला.

गाडी काढताना माझी चिडचिड होत होती आणि कशाची ते कळत नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं मंगळवार न चुकवलेला, आणि देवळाच्या दारात शर्ती लावतो? तेही हरल्यावर तारीख पे तारीख? तेरवीला आलेला प्रत्येक जण सांगून गेला होता की फार मोठा भक्त माणूस, असा माणूस होणे नाही. मीही मान डोलावत होते. तेरा दिवसांत बाबांचं एक गंभीर, कपाळभर गंध लावलेलं, डोळे मिटलेलं रूप तयार झालं होतं आणि मला ते सोयीचंही वाटायला लागलं होतं. त्या नारळानं ते बिघडवलं. खरं तर बरं झालं. डोळे मिटलेले बाबा मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते. पूजेतही एक डोळा किलकिला ठेवून कोण आलं, कोण गेलं, नैवेद्याच्या वाटीतला बेदाणा कोणी उचलला, सगळं बघायचे.

बाबा मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. छोट्या लाइनच्या, म्हणजे अडीच फुटी रुळांच्या गाडीची डागडुजी तिथे व्हायची. फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. पहाटे चारला उठायचे, डिसेंबरच्या कडाक्यातसुद्धा थंड पाण्यानं अंघोळ, मग पूजा. घड्याळ वर्कशॉपसाठी होतं. घरात वेळ मोजायचं त्यांचं माप वेगळं होतं. चहा उकळायला एक मारुतीस्तोत्र. कुकरला दोन अथर्वशीर्षं. मे महिन्यात कूलरची टाकी भरायला बरोबर तीन रामरक्षा लागायच्या. नळी धरून ते अंगणात उभे असायचे, बनियनवर, डोक्यावर ओला गमछा, आणि खसाच्या ताट्यांवरून पाणी ठिबकायला लागलं की तिसऱ्या रामरक्षेची फलश्रुती यायची. टाकी ओसंडून वाहिली तर दोष टाकीचा नाही, ते स्वतःला म्हणायचे, "आज बुधकौशिक ऋषींना घाई करून राहिलो होतो." पुढे माझ्या मुलांनी त्यांना मॅगीच्या पाकिटावरची दोन मिनिटं दाखवली तेव्हा त्यांनी हिशोब करून अर्धी रामरक्षा ठरवली. मुलं अजूनही मॅगी तशीच करतात. धाकटीला अर्धीच रामरक्षा येते, त्याचं कारण हे आहे.

गजानन महाराजांची पोथी वाचायचे तेही तसंच. विदर्भातल्या घरांना शेगाव काही सांगायला नको. माघ वद्य सप्तमीला आमच्याकडे पारायण, एकवीस अध्याय एका बैठकीत, आणि नंतर झुणका-भाकर, अंबाडीची भाजी. इतरांच्या घरी पोथी एका सुरात चालते. बाबा पात्रं करायचे. चिलमीला विस्तव नाकारणाऱ्या जानकीराम सोनाराला ते एक नाकातला, कंजूष आवाज द्यायचे आणि त्याच्या चिंचवणीत अळ्या निघाल्या की "अगाऽऽई" असं पोथीत नसलेलं काहीतरी ओरडायचे. मांडी घालून बसलेली सगळी पोट्टी त्याचीच वाट बघायची. एकदा नात्यातल्या एका जाणत्या बाईंनी टोकलं, ही काय नाटकं, पोथी आहे ही. बाबा म्हणाले, "वहिनी, महाराज स्वतः काय कमी खोडकर होते?" आणि पुढची ओवी मुद्दाम त्या बाईंच्याच आवाजात वाचली. बाई वर्षभर बोलल्या नाहीत. पुढच्या सप्तमीला मात्र झुणका खायला वेळेवर हजर होत्या.

आता पत्त्यांचं सांगायलाच पाहिजे.

रविवारी सकाळी भजन आणि दुपारी मेंढीकोट, म्हणजे चार दहिले (दहाची पानं) जिंकायचा पत्त्यांचा खेळ, हा आमच्या घराचा नेम. माणसं तीच. सकाळी टाळ वाजवणारे हात दुपारी पत्ते पिसायचे. बाबा खोटं खेळायचे. ह्यात शंका नाही, लपवाछपवीही नाही. सगळ्यांना माहीत होतं की बाबा खोटं खेळतात, फक्त कसं ते कुणाला पकडता येत नव्हतं. पद्धत अशी होती. हातात बदाम जड असले की गणपतीची आरती गुणगुणायची. चौकट असेल तर देवीची. किल्वरला शंकर. इस्पिकला विठोबा. समोरचा भिडू शिकवून तयार केलेला, पुष्कळदा माझा मुलगा. आरती गुणगुणणाऱ्या म्हाताऱ्याला कोण काय म्हणणार? उलट बाकीचेही भक्तिभावानं सूर धरायचे, आणि तेवढ्यात दहिला गेलेला असायचा. चारही दहिले ह्यांच्याकडे. डाव संपला की बाबा उठून देवघरात जायचे आणि गणपतीला एक दूर्वेची जुडी जास्तीची वाहायचे. हा त्यांचा दंड, स्वतःच ठरवलेला आणि स्वतःच भरलेला. मला हे सगळं मुलानं तेरवी झाल्यावर सांगितलं. म्हणाला, "आई, आबाजींनी शपथ घातली होती, मेल्यावर सांगजो म्हणून."

ऐकताना हसले, पण आत कुठेतरी टोचलंच. ही शिकवणी मला कधी मिळाली नव्हती. मी लहान होते तेव्हा बाबा सहा दिवस वर्कशॉपमध्ये. संध्याकाळी यायचे तेव्हा हाताला ग्रीसचा वास असायचा आणि तो रॉकेल-साबणानंही जायचा नाही. गणिताच्या पाढ्यांना त्यांनी मला छडी दाखवलेली आहे. दोनदा मारलीही आहे. तेच बाबा माझ्या मुलाची ट्यूशन बुडवून त्याला तर्री-पोहे खायला न्यायचे आणि परत येताना दोघांची तोंडं नळावर धुवायचे, मला तर्रीचा वास येऊ नये म्हणून. सव्वीस जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो. त्या दिवशी सगळी नातवंडं घेऊन जायचे. १८१७ ची भोसले आणि इंग्रजांची लढाई तोंडानं तोफा उडवून सांगायचे, आणि सांगताना प्रत्येक वर्षी भोसले थोडे थोडे जास्त जिंकत जायचे. मोठ्या नातवानं पुस्तक दाखवलं तेव्हा म्हणाले, "पुस्तक इंग्रजांनी लिहिलं बे." मला आजोबा म्हणून त्यांचा हेवा वाटायचा. मुलांचा जास्त वाटायचा. एकदा म्हटलंही, बाबा, आम्हाला नाही नेलंत कधी. तर म्हणाले, "तुले नेलं असतं तर घरी पगार कोण आणला असता?" बरोबर होतं ते. बरोबर असूनही काही गोष्टींचं समाधान होत नाही.

आणि मग आई. बाबांच्या प्रत्येक मजेच्या पाठीमागे स्वयंपाकघरात आई होती. रविवारची भजनमंडळी म्हणजे सकाळी बारा-चौदा चहा, दुपारी कधी सांभारवडी, कधी आलुबोंडे, संध्याकाळी "वहिनी, जाता जाता अर्धा अर्धा कप." पारायणाच्या दिवशी भाकरी थापून थापून तिचे तळवे लाल व्हायचे. बाबा वर्षातून एकदा मारुतीच्या देवळात रोडग्यांचा कार्यक्रम करायचे. तिथे मात्र पुरुष राबतात. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी ढवळायची, आणि घामाघूम होऊन "बायांना आज आराम" असं जाहीर करायचं. आई म्हणायची, "एक दिवस रोडगे भाजतात आणि वर्षभर सांगत फिरतात." तिच्या बोलण्यात धार असायची, पण ती बाबांना कधी लागायची नाही, कारण ते तिचंच वाक्य उचलून मंडळींना तिच्या आवाजात ऐकवायचे. सगळे हसायचे. आईही हसायची. ती हसली म्हणजे तिचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं, असा समज त्या काळात सगळ्यांचाच होता. माझाही.

आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. एका खाजगी दवाखान्यात होती. वॉर्डात आठ खाटा. बाबांनी पहिल्या संध्याकाळीच आठही खाटांशी ओळख करून घेतली, सिस्टरांची नक्कल केली, शेजारच्या खाटेवरच्या आजीला हसवलं तर तिचे टाके दुखायला लागले. प्रत्येक खाटेला शेगावचा अंगारा. डॉक्टर राउंडला आले तर बाबा त्यांनाच पत्रिकेतलं बारावं स्थान समजावून सांगत होते. सगळा वॉर्ड त्यांच्यावर खूश. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन म्हटलं, बाबा, पाच मिनिटं गप्प बसा तिच्याजवळ. ते गेले, स्टुलावर बसले, तिचा हात धरला, आणि दोन मिनिटांत, अर्ध्या रामरक्षेत म्हणा, पुन्हा काहीतरी सुरू झालं. आई बरी झाली. ह्या गोष्टीवर पुढे कित्येक वर्षं कुणी काही बोललं नाही.

बोलली ती आईच, आणि तेही छिंदवाड्याच्या गाडीवरून. २०१५ मध्ये छोटी लाइन बंद होणार हे पक्कं झालं तेव्हा बाबांनी ठरवलं, शेवटचा प्रवास करायचा. आई, मी, सगळी नातवंडं. इतवारी स्टेशनवर इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, ड्रायव्हरला पेढा. जाताना धमाल. सावनेर, सौंसर, प्रत्येक स्टेशनचं नाव मुलांकडून आरोळी देऊन घेतलं. भिमालगोंदीच्या घाटात गाडी इतकी हळू चालायची की बाबा म्हणाले, इथे उतरून बाजूला जाऊन परत चढता येतं, आम्ही करायचो. आणि उतरायला निघालेच होते, आईनं शर्ट धरून ठेवला. परतीला मात्र बाबा खिडकीशी बसले आणि बोललेच नाहीत. मुलांनी पत्ते काढले, त्यांनी मान हलवली. आरती नाही, स्तोत्र नाही. लाकडी बाकाच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवत होते, एक खिळा थोडा वर आला होता त्यावर. घरी आल्यावर रात्री आई भांडी विसळता विसळता मला म्हणाली, "गाडीसाठी गप्प बसता येते ह्यांना. मी दवाखान्यात होते तेव्हा एकदा घाबरायला पाहिजे होतं माझ्यासाठी. एकदा. मला बरं वाटलं असतं."

मी बाबांना हे सांगितलं नाही. आईनंही सांगितलं नसावं, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी त्याचीही नक्कल केली असेल. मला अजून ठरवता येत नाही की दवाखान्यात ते घाबरलेच नव्हते, कारण सगळं महाराजांवर सोपवून मोकळे झाले होते, की इतके घाबरले होते की आठ खाटांना हसवल्याशिवाय त्यांना तिथे उभं राहता येत नव्हतं. लोक म्हणतात त्यांची श्रद्धा फार मोठी. असेलही. पण देवाशी त्यांचं जे काही होतं ते मागण्याचं किंवा भिण्याचं नव्हतं, ते सोबत खेळण्याचं होतं, मेंढीकोटातल्या समोरच्या भिडूसारखं. आणि खेळणाऱ्याला ताटावर कुणीतरी बोलवावं लागतं, पाणी द्यावं लागतं. ते देणारी व्यक्ती त्यांच्या देवघरात नव्हती, ओट्याशी होती.

बाबा श्रावण लागला त्याच आठवड्यात गेले. पहाटे, पूजेच्या आधी. फार त्रास झाला नाही. तेरवी झाली आणि पाठोपाठ पोळा आला. नागपुरात पोळ्यापेक्षा दुसरा दिवस मोठा. सकाळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, संध्याकाळी तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. बाबांचा हा सगळ्यांत लाडका दिवस. पहाटेच नातवंडांना उठवायचे, दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या उचलायच्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत ओरडत जायचं, "खोकला-खरूज, रोगराई घेऊन जा गे माऽरबत!" मग बाबांची स्वतःची यादी. "विजेचं बिल घेऊन जा गे मारबत. भूमितीचा पेपर घेऊन जा गे मारबत. हिच्या सासूची साखर घेऊन जा गे मारबत." मग इतवारीत काळी आणि पिवळी मारबत बघायला. काळी १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची, हे ते दर वर्षी सांगायचे. कोणत्या बडग्यावर, म्हणजे मिरवणुकीतल्या टवाळीच्या पुतळ्यावर, यंदा कोणाची खिल्ली उडवली आहे ते गर्दीत घुसून वाचून यायचे आणि आम्हाला, पावसात भिजत, ओरडून सांगायचे.

आणि संध्याकाळी तो बैल. वर्कशॉपमधल्या एका सुताराकडून त्यांनी करवून घेतलेला, सागवानी, गुडघ्याइतका उंच. चाकं शिसवीची, लेथवर काढलेली, त्यामुळे इतर पोरांच्या बैलांसारखा तो खडखड करत नाही, सरळ जातो. एका शिंगाला पितळी टोपण आहे, दुसऱ्याचं कधीच हरवलं. पाठीवर जिथे झूल बांधतात तिथला रंग उडून लाकूड गुळगुळीत झालंय. माझ्या मुलांनी तो ओढला, भावाच्या मुलांनी ओढला, आणि सगळी मोठी झाल्यावर एका वर्षी बाबा स्वतःच ओढत निघाले. धोतर, फेटा, गळ्यात घुंगरमाळ. लोकांच्या दारात उभे राहून बोजारा मागायचे. "लहान आहो जी, द्या काहीतरी." शेजारचे दहा-वीस रुपये द्यायचे. जमलेल्या पैशांची जिलबी.

यंदा घरात सण धरायचा नाही, हे नात्यातल्या मोठ्यांनी बजावून ठेवलं होतं. वर्ष व्हायचं आहे. आम्ही कुणी काही बोललो नाही. पहाटे मी उठले तर आई अंगणात. पांढऱ्या साडीचा पदर खोचलेला, हातात पळसाच्या फांद्या. पळस कोणी आणून दिला ते तिनं सांगितलं नाही. म्हणाली, "पोरांना उठव. सण नाही करत. घरातली पीडा तर बाहेर काढतो न?" मुलं उठली. गल्लीत अंधारच होता अजून, मधूनमधून इतर घरांतल्या आरोळ्या येत होत्या. मुलांनी खोकला-खरूज सुरू केलं, पण आवाज नीट निघेना, बाबांची जागा रिकामी पडत होती. मधेच थांबायची, एकमेकांकडे बघायची. तेवढ्यात भजनातले दोघं काका फाटकाशी येऊन उभे राहिले. दर वर्षी येतात तसे, सवयीनं. येऊन काय बोलावं ते त्यांना सुचेना.

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग गल्लीकडे तोंड करून, बाबांनी कधी काढला नसेल एवढ्या आवाजात ओरडली, "ह्यांचे सगळे दोस्त घेऊन जा गे माऽऽरबत!"

धाकटी आधी हसली. मग सगळेच. वर्षभर न बोलणाऱ्या त्या जाणत्या बाईंच्या खिडकीत दिवा लागला आणि कोण ओरडतं आहे म्हणून पडदा हलला. फाटकाशी उभे असलेले थोरले काका चप्पल सोडता सोडता म्हणाले, "जाऊन राहिलो वहिनी, जाऊन राहिलो. पण चहा घेऊन जातो."